शून्य पक्ष्यांचे तास: अल्गोंक्विनच्या रानातील हिवाळी पक्षीगणना

हिमरान (धागाकर्ती)

नमस्कार. गेली सहा वर्षे मी डिसेंबरच्या अखेरीस कॅनडातील ऑन्टारियो प्रांतातल्या अल्गोंक्विन उद्यानात होणाऱ्या पक्षीगणनेत स्वयंसेवक म्हणून जाते आहे. टोरंटो आणि ओटावा परिसरातील कितीतरी मराठी कुटुंबे उन्हाळ्यात तिथे तंबू ठोकायला जातात, शरदात मेपलची लाल पाने पाहायला जातात, पण हिवाळ्यात त्या रस्त्याला सहसा कोणी लागत नाही. या गणनेविषयी मराठीत सविस्तर लिहिलेले माझ्या वाचनात आले नाही, आणि यंदा आणखी काही जण सोबत यावेत अशी इच्छा आहे, म्हणून हा धागा.

थोडी पूर्वपीठिका सांगते. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात नाताळच्या दिवशी गट पाडून बंदुका घेऊन रानात जाण्याची आणि जास्तीत जास्त प्राणी-पक्षी मारून आणणाऱ्या गटाला विजयी ठरवण्याची रीत होती. फ्रँक चॅपमन या पक्षीशास्त्रज्ञाने १९०० साली सुचवले की त्या दिवशी पक्षी मारण्याऐवजी मोजावेत. २५ डिसेंबर १९०० रोजी २७ निरीक्षकांनी २५ ठिकाणी अशी गणना केली, आणि त्या पहिल्या ठिकाणांमध्ये टोरंटोही होते. आज ही गणना २,००० हून अधिक ठिकाणी होते. कॅनडातील भाग 'बर्ड्स कॅनडा' ही संस्था अमेरिकेतील ऑडुबॉन संस्थेच्या सहकार्याने सांभाळते. अल्गोंक्विनमधील गणना १९७४ पासून चालू आहे.

नियम साधे आहेत, पण ते पाळावे लागतात. १४ डिसेंबर ते ५ जानेवारी या काळातला कोणताही एक दिवस ठरवायचा. २४ किलोमीटर व्यासाचे एक वर्तुळ दरवर्षी तेच ठेवायचे, म्हणजे सुमारे ४५० चौरस किलोमीटर क्षेत्र होते. या वर्तुळाचे भाग पाडून प्रत्येक तुकडीला एकेक भाग दिला जातो, आणि दिसलेला किंवा ऐकू आलेला प्रत्येक पक्षी मोजला जातो. केवळ जाती लिहून भागत नाही, संख्या लागते. त्यासोबत किती तास, किती किलोमीटर, पायी की गाडीतून, हेही लिहावे लागते. गणनेच्या आधीच्या आणि नंतरच्या तीन दिवसांत दिसलेली, पण नेमकी त्या दिवशी न दिसलेली जात वेगळ्या खुणेने नोंदवतात.

अल्गोंक्विन उद्यान १८९३ साली स्थापन झाले आणि त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७,६०० चौरस किलोमीटर आहे. दक्षिणेकडचे पानझडी जंगल आणि उत्तरेकडचे सूचिपर्णी जंगल यांची तिथे सरमिसळ होते, त्यामुळे मेपलच्या टेकडीवरून उतरून शंभर पावलांवर काळ्या स्प्रूसच्या दलदलीत शिरता येते. डिसेंबरात दिवस जेमतेम पावणेनऊ तासांचा असतो आणि पारा उणे वीसच्या खाली जाणे नवलाचे नसते. पहाटे चारच्या सुमारास घुबडांसाठी निघायचे, उजाडल्यावर बर्फावर चालण्याची जाळीदार पादत्राणे बांधून आपल्या वाटेला लागायचे आणि अंधार पडताना पर्यटक केंद्रात जमून एकेका जातीचे आकडे वाचायचे, असा हा दिवस असतो.

शंका अवश्य विचाराव्यात.

निफाडकर

धागा आवडला. आम्ही दर जानेवारीत नांदूर मध्यमेश्वरला आशियाई पाणपक्षी गणनेत भाग घेतो. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचा तो बंधारा २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरला, हे इथे अनेकांना ठाऊक असेल. आमच्याकडे अडचण उलट असते. थापट्या, तलवार बदके, गडवाल आणि वारकरी यांचे थवे पाण्यावर इतके दाट बसलेले असतात की आम्ही दुर्बिणीत शंभर पक्ष्यांचा एक ठोकळा मनाशी धरतो आणि असे किती ठोकळे होतात ते मोजतो. मध्येच एखादी दलदली भोवत्या हारीण, म्हणजे शिकारी पक्षी, वरून गेली की सगळे उडते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

आपल्या लेखनावरून तुमच्याकडे पक्षीच कमी असावेत असे वाटते. मग दिवसभरात हाती काय लागते, आणि त्यासाठी इतक्या थंडीत इतकी माणसे जाण्याचे शास्त्रीय मोल काय, हे समजून घ्यायला आवडेल. प्रश्न प्रामाणिक आहे, कृपया गैरसमज नसावा.

हिमरान

गैरसमज मुळीच नाही. हा धागा काढण्यामागचे खरे कारणच या प्रश्नात आहे.

हिवाळ्यातले उत्तरेकडचे रान बहुतेक वेळ रिकामे असते. तासभर चाललात तरी बर्फ फांदीवरून घसरल्याच्या आवाजाखेरीज काही ऐकू येत नाही, आणि मग अचानक एक मिश्र थवा भेटतो. पुढे काळ्या टोपीच्या चिकाडी, त्यांच्या मागे खोडावरून उलटी उतरणारी तांबूस छातीची शिलींध्री, शेंड्याला एकदोन किंगलेट आणि एखादा लहान सुतारपक्षी. पाच मिनिटांत पंचवीसतीस पक्षी डोक्यावरून सरकून जातात आणि पुन्हा शांतता होते. चिकाडी आपल्या रामगंगेच्या कुळातली आहे, त्यामुळे तिची ती लगबग पाहून महाराष्ट्रातल्या माणसाला ओळखीचे वाटते.

पहिल्या वर्षी मला एका गोठलेल्या तळ्याकाठची वाट दिली होती. तिथे मला दीड तासात एकही पक्षी मिळाला नाही, म्हणून मी त्या वाटेचा उल्लेखच कागदावर केला नाही. संध्याकाळी आमच्या वर्तुळाच्या संकलकाने नकाशावर बोट ठेवून विचारले, "इथे तुम्ही गेला होतात ना?" मी म्हटले, गेले होते, पण काही नव्हते. त्यावर त्यांनी किती वाजता सुरुवात केली, किती वाजता संपवली आणि किती अंतर चालले, एवढेच शांतपणे विचारून घेतले आणि ते सगळे लिहिले. नंतर मला समजावून सांगितले की त्या वाटेवर कोणी गेलेच नाही आणि कोणी जाऊन काही मिळाले नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मी वाट गाळली असती तर पन्नास वर्षांनी कागद पाहणाऱ्याला त्यांतला फरक कळला नसता.

तेव्हापासून माझ्या दृष्टीने या गणनेतले सर्वांत जबाबदारीचे काम पक्षी न दिसलेले तास नीट लिहिणे हे आहे. दुर्मीळ पक्षी दिसला तर तो कोणीही आठवणीने लिहितो.

संख्याशास्त्र_प्रेमी

वरील मुद्द्याला आकडेवारीच्या बाजूने दुजोरा देतो. एका वर्षी बारा तुकड्या गेल्या आणि दुसऱ्या वर्षी सहाच, तर नुसत्या पक्षीसंख्येची तुलना निरर्थक ठरते. म्हणून संख्येला तुकडी-तासांनी भागतात. एक तुकडी एक तास फिरली म्हणजे एक तुकडी-तास, मग तुकडीत दोन माणसे असोत वा पाच. निष्फळ गेलेले तास गाळले की भाजक लहान होतो आणि पक्षी आहेत त्यापेक्षा जास्त दिसू लागतात. म्हणजे सर्वांनी सद्भावनेने रिकाम्या वाटा गाळल्या, तर ऱ्हास होत असतानाही आलेख सपाट दिसेल.

त्याचबरोबर या पद्धतीच्या मर्यादाही मांडायला हव्यात. ही शिरगणती नव्हे. वर्तुळे यादृच्छिक पद्धतीने निवडलेली नसतात, माणसे जिथे सहज पोहोचतात तिथे ती आखली जातात, आणि अल्गोंक्विनमध्ये तर बहुतेक वाटा ६० क्रमांकाच्या महामार्गालगतच्या असणार. निरीक्षकांचे कौशल्यही सारखे नसते. तरीही एकच चूक दरवर्षी साधारण सारख्याच प्रमाणात होत असेल, तर वर्षानुवर्षांचा कल विश्वासार्ह राहतो. ऑडुबॉन संस्थेने २००९ साली याच गणनेच्या चाळीस वर्षांच्या नोंदींवरून ३०५ जातींचा हिवाळी मुक्काम तपासला, तेव्हा तो सरासरी सुमारे ३५ मैल उत्तरेकडे सरकल्याचे आढळले. उत्तर अमेरिकेतील पक्ष्यांची संख्या १९७० पासून जवळजवळ तीन अब्जांनी घटल्याचे दाखवणाऱ्या २०१९ च्या अभ्यासातही इतर नोंदींबरोबर या गणनेचे आकडे वापरले होते.

जुनी_दुर्बीण

माझे वय सत्तरीच्या पुढे आहे आणि मी ओटावाजवळच्या एका वर्तुळात वीस वर्षे जातो. निरीक्षकांच्या कौशल्याचा उल्लेख झाला म्हणून एक गोष्ट लिहितो, कारण ती आम्हा वयस्क मंडळींनी स्वतःहून सांगितली पाहिजे.

सोनेरी तुऱ्याचा किंगलेट हा पाचसहा ग्रॅम वजनाचा पक्षी स्प्रूसच्या शेंड्यांमध्ये वावरतो. तो दिसण्याआधी ऐकू येतो, आणि त्याचा आवाज इतका बारीक व उंच पट्टीतला असतो की वाढत्या वयात कानांना तोच सर्वांत आधी ऐकू येईनासा होतो. ब्राऊन क्रीपर या खोडाला चिकटून चढणाऱ्या पक्ष्याचेही तसेच. पंधरा वर्षांपूर्वी माझ्या वाटेवर किंगलेट नेहमी मिळत, पुढे ते कमी होत गेले, आणि मी मनापासून समजत होतो की रानातून तो पक्षी नाहीसा होतो आहे. एके वर्षी माझ्यासोबत विशीतली एक मुलगी आली आणि पहिल्याच अर्ध्या तासात तिने तीनदा हात वर करून शेंड्याकडे बोट दाखवले. मला काहीही ऐकू आले नव्हते. पक्षी होते, माझे कान राहिले नव्हते.

ते कळले त्या दिवशी मला फार वाईट वाटले. त्यानंतर मी संकलकांना लेखी कळवले की माझ्या अलीकडच्या वर्षांतल्या किंगलेटच्या आकड्यांवर विसंबू नये, आणि तेव्हापासून मी तरुण सोबत्याशिवाय वाट घेत नाही. रिकाम्या तासाविषयी तुम्ही जे म्हणता त्याला मी एवढीच पुस्ती जोडेन की ते रिकामेपण रानातले आहे की आपल्यातले, हेही वेळोवेळी तपासून घ्यावे.

हिमरान

काका, तुम्ही हे इतक्या मोकळेपणाने लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार. आमच्या वर्तुळातही तुकड्या पाडताना एक तरुण कान प्रत्येक तुकडीत असावा असा प्रयत्न असतो, पण तरुण मंडळी मिळणे हीच मुख्य अडचण आहे. या धाग्यावरून दोघे जण जरी आले तरी मोठी मदत होईल.

मेपलपान

मी सडबरीला राहते. उत्तरेकडच्या गणनेत एक वर्ष शेकडो पक्षी आणि पुढच्या वर्षी जवळजवळ शून्य, असे का होते हे इथे लिहायला हवे, नाहीतर पहिल्यांदा येणारी व्यक्ती एका वर्षावरून चुकीचा निष्कर्ष काढेल.

सगळा खेळ शंकूंचा आहे. स्प्रूस, हेमलॉक, पाइन या झाडांना दरवर्षी सारखे शंकू धरत नाहीत. एखाद्या वर्षी विस्तीर्ण प्रदेशातली झाडे एकाच वेळी लगडतात आणि नंतर वर्षदोन वर्षे जवळजवळ काहीच धरत नाही. क्रॉसबिल नावाच्या पक्ष्याच्या चोचीची टोके कात्रीसारखी एकमेकांना ओलांडून जातात, आणि त्या चोचीने तो शंकूचा खवला उचकटून जिभेने बी काढतो. त्याचे आयुष्य या पिकावर इतके अवलंबून आहे की भरपूर शंकू असतील तर तो ऐन जानेवारी-फेब्रुवारीतही घरटे करून पिल्ले वाढवतो, आणि नसतील तर शेकडो किलोमीटर दुसरीकडे निघून जातो. सिस्किन, रेडपोल, पाइन ग्रॉसबीक यांचेही कमीअधिक फरकाने असेच आहे. रेडपोलला बर्चच्या बिया लागतात, पाइन ग्रॉसबीकला माउंटन अॅशची फळे लागतात, त्यामुळे एकाच हिवाळ्यात एक जात येते आणि दुसरी फिरकतही नाही.

रॉन पिटअवे यांनी १९९९ पासून दर शरदात ठिकठिकाणच्या शंकूंची आणि फळांची माहिती गोळा करून त्यावरून येत्या हिवाळ्यात कोणते पक्षी कुठे जातील याचे भाकीत प्रसिद्ध करायला सुरुवात केली. २०२० पासून ते काम टायलर होअर करतात. गणनेला येण्यापूर्वी ते भाकीत वाचून यावे, म्हणजे वर पाहायचे ते कोणत्या झाडाकडे, हे कळते.

इव्हनिंग ग्रॉसबीकविषयी मात्र वेगळे लिहावेसे वाटते. पिवळाधमक, जाड चोचीचा हा देखणा पक्षी उन्हाळ्यात स्प्रूस बडवर्म या अळीवर पिल्ले वाढवतो. १९७० आणि १९८० च्या दशकांत त्या अळीची मोठी लाट आली होती, तेव्हा हे पक्षी विपुल होते. नंतर लाट ओसरली आणि पक्षीही घटत गेले. कॅनडात २०१६ साली त्यांची 'विशेष चिंतेची जात' म्हणून नोंद झाली. माझ्या शेजारच्या आजी सांगतात की त्यांच्या अंगणातले सूर्यफुलाचे बी हे पक्षी दिवसाला पिशवीभर संपवत असत. आता सकाळी चार आले तरी त्या मला फोन करतात.

निफाडकर

ही माहिती फार मोलाची आहे. आमच्याकडे धरणातल्या पाण्याची पातळी जे करते, तेच तुमच्याकडे शंकू करतात असे दिसते. पाणी फार असेल तर चिखलाचे काठ बुडतात आणि चिखलपायटे पक्षी दुसरीकडे जातात, म्हणून आम्ही पातळीही लिहून ठेवतो. तुम्ही शंकूंची नोंद करता का?

हिमरान

गणनेच्या अधिकृत तक्त्यात तो रकाना नाही, पण आमची तुकडी वहीत झाडानुसार शेरा लिहिते. तुमच्या प्रश्नामुळे तो शेरा संकलकांकडेही द्यावा असे वाटू लागले आहे.

मेपलपान यांच्या लेखनाला जोडून एक कळकळीची विनंती. क्रॉसबिल, सिस्किन आणि ग्रॉसबीक हे पक्षी बारीक खडे आणि मीठ यांच्यासाठी महामार्गावर उतरतात, कारण हिवाळ्यात रस्त्यावर वाळू आणि मीठ पसरलेले असते. गाडी अगदी जवळ येईपर्यंत ते उडत नाहीत, आणि चांगल्या शंकूंच्या वर्षी त्यांतले बरेच चिरडले जातात. सकाळच्या वेळी त्या रस्त्यावर लहान पक्ष्यांचा पुंजका दिसला तर वेग कमी करावा आणि मागे गाडी नसल्यास थांबावे. एकदा आम्ही थवा मोजून संपवला आणि परतीच्या वाटेवर त्याच ठिकाणी मेलेले सात सिस्किन उचलले. ते हातात घेतल्यावर किती हलके असतात हे मी विसरू शकत नाही.

प्रश्नकर्ता_नवा

मी टोरंटोत नवीन आहे. अल्गोंक्विनमध्ये करड्या रंगाचे पक्षी थेट हातावर येऊन बसतात अशी छायाचित्रे पाहिली. ते कोणते? त्यांना खायला देणे योग्य आहे का? आणि तो माणसाळलेला पक्षी मोजतात का?

हिमरान

तो कॅनडा जे. कावळ्याच्या कुळातला, म्हणजे आपल्या टकाचोराचा भाऊबंद. १९५७ पासून त्याचे अधिकृत इंग्रजी नाव ग्रे जे असे होते, २०१८ साली ते पुन्हा कॅनडा जे झाले. क्री या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतल्या 'विसाकेजाक' या नावावरून त्याला 'व्हिस्की जॅक' असेही म्हणतात. या पक्ष्याबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, कारण अल्गोंक्विनची गणना महत्त्वाची का, याचे उत्तर त्याच्याकडे आहे.

हा पक्षी हिवाळ्यात स्थलांतर करत नाही. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात आणि शरदात तो अळ्या, कीटक, फळे, अळंबी, मेलेल्या प्राण्यांचे मांस असे जे मिळेल ते गोळा करतो, आपल्या चिकट लाळेने त्याचा गोळा करतो आणि झाडाच्या सालीखाली किंवा दगडफुलाच्या झुपक्यात चिकटवून ठेवतो. दिवसाला असे हजारापर्यंत साठे तो करू शकतो आणि पुढे महिनोन्‌महिने ते आठवणीने शोधून खातो. याच साठ्यावर तो फेब्रुवारीच्या अखेरीस, भोवती कमरेइतके बर्फ असताना घरटे बांधतो आणि मार्चमध्ये अंडी घालतो.

अल्गोंक्विनमध्ये या पक्ष्याचा अभ्यास १९६० च्या दशकात रसेल रटर यांनी सुरू केला, डॅन स्ट्रिकलंड यांनी तो पुढे अनेक दशके चालवला, आणि आता ग्वेल्फ विद्यापीठातील रायन नॉरिस आणि त्यांचे सहकारी तो पुढे नेत आहेत. पक्ष्यांच्या पायांत रंगीत कड्या घातलेल्या असल्यामुळे प्रत्येक पक्षी स्वतंत्रपणे ओळखता येतो. या अभ्यासातून असे दिसले की उद्यानातली त्यांची संख्या १९७० च्या दशकाच्या तुलनेत निम्म्याहूनही कमी झाली आहे. वेट आणि स्ट्रिकलंड यांनी २००६ साली मांडले की याचे कारण उबदार शरद असावे. हा पक्षी निसर्गाच्या शीतपेटीवर भिस्त ठेवून साठा करतो. थंडी उशिरा पडली, किंवा गोठणे आणि वितळणे पुन्हा पुन्हा झाले, की तो साठा नासतो आणि ऐन विणीच्या वेळी मादीला पुरेसे अन्न मिळत नाही. काळ्या स्प्रूससारख्या सूचिपर्णी झाडांवर अन्न जास्त टिकते असेही आढळले आहे, आणि पानझडी झाडे जास्त असलेले त्यांचे प्रदेशच आधी ओस पडले. अल्गोंक्विन त्यांच्या वसतिस्थानाच्या दक्षिण कडेला येते, म्हणून तिथे हा बदल आधी दिसतो.

आता प्रश्नाचे उत्तर. हातावर येणारा जे पाळीव नाही, पूर्ण रानटी आहे, म्हणून तो मोजतात. तुम्ही दिलेला घास तो बहुधा खात नाही, लपवायला नेतो. माझे व्यक्तिगत मत असे की गणनेच्या दिवशी त्यांना काहीही देऊ नये, कारण हे पक्षी माणसामागे झाडाझाडाने बरेच अंतर येतात आणि तेच दोन पक्षी तीन ठिकाणी मोजले जाण्याचा धोका असतो. पायातल्या कड्यांचे रंग डावा-उजवा पाय पाहून क्रमाने लिहिले तर ही चूक टळते. इतर दिवशीसुद्धा पाव किंवा खारवलेले पदार्थ देऊ नयेत.

मेपलपान

घुबडांसाठी ध्वनिमुद्रित आवाज वाजवण्याबद्दल तुमच्या तुकडीचे धोरण काय आहे? आमच्याकडे यावरून मतभेद आहेत. ध्वनिमुद्रण न वाजवता घुबड मिळणे कठीण, हे मला मान्य आहे.

हिमरान

आम्ही वाजवत नाही. उणे पंचवीस अंशांत चिकाडीसारखा पक्षी रात्री शरीराचे तापमान दहाबारा अंशांनी उतरवून ऊर्जा वाचवतो, इतका त्यांचा हिशेब काटेकोर असतो. अशा रात्री एका लहानशा घुबडाला खोट्या प्रतिस्पर्ध्याच्या मागे उडायला लावणे मला पटत नाही. ठरलेल्या थांब्यांवर प्रत्येकी दहा मिनिटे नुसते ऐकतो, आणि बहुतेक थांब्यांवर काही मिळत नाही. तेही लिहितो.

संख्याशास्त्र_प्रेमी

इथे मी थोडा वेगळा विचार मांडतो. आवाज वाजवणे चूक की बरोबर यापेक्षा, ते एका वर्षी करणे आणि दुसऱ्या वर्षी न करणे हे आकडेवारीला अधिक घातक आहे. जे धोरण असेल ते कायम ठेवावे आणि लिहून ठेवावे.

मेपलपान

मान्य. आमच्या बैठकीत हाच मुद्दा मांडते.

प्रश्नकर्ता_नवा

मला यायचे आहे. पण मला पाचसहा पक्ष्यांपलीकडे ओळखता येत नाहीत. माझ्यामुळे नोंदी बिघडणार नाहीत का?

हिमरान

अवश्य या. नवख्या व्यक्तीला एकटे पाठवत नाहीत. तुमच्याकडे वेळ लिहिण्याचे आणि संख्या मांडण्याचे काम येईल, आणि ते अत्यंत गरजेचे असते, कारण हातमोजे घालून दुर्बीण आणि पेन्सिल दोन्ही सांभाळता येत नाहीत. शाईचे पेन गोठते, पेन्सिलच आणावी.

नोंद बिघडण्याविषयी माझा स्वतःचा अनुभव सांगते. तिसऱ्या वर्षी मला एका मेलेल्या स्प्रूसवर काळ्या पाठीचा सुतार दिसला असे मी सांगितले. हा उत्तरेकडचा खास पक्षी, त्यामुळे मला फार आनंद झाला होता. संध्याकाळी संकलकांनी पाठीचा रंग, डोक्यावरचा पिवळा ठिपका, चेहऱ्यावरची रेघ असे एकेक विचारले, तेव्हा माझ्या लक्षात आले की मी पाठ पाहिलीच नव्हती. बाजूची पट्टेरी कूस आणि झटकन उडालेली आकृती एवढेच पाहिले होते, आणि साल सोललेल्या खोडामुळे बाकीचे मी मनाने भरले होते. ती नोंद 'सुतार, जात अनिश्चित' अशी झाली. त्या वेळी वाईट वाटले, पण माझ्या मनाने भरलेला तो एक पक्षी कायमचा आकड्यांत राहिला असता, याचे आज अधिक वाईट वाटले असते.

कपड्यांविषयी थोडक्यात: सुती काहीही नको, लोकरीचे दोन थर, पायात एक माप मोठे बूट, आणि हातमोज्यांचा एक जादा जोड. गाडीत फावडे, घोंगडी आणि खाण्याचे पदार्थ ठेवावेत, कारण रस्त्याच्या बऱ्याच भागात फोन लागत नाही.

जुनी_दुर्बीण

ज्यांना चालणे शक्य नाही त्यांच्यासाठी लिहितो. ज्या वर्तुळांत वस्ती आहे तिथे आपल्या खिडकीतून अंगणातील दाणापेटीवरचे पक्षी मोजूनही भाग घेता येतो. त्यात एका वेळी जास्तीत जास्त किती दिसले तोच आकडा लिहायचा असतो, दिवसभराची बेरीज करायची नसते, कारण तीच चिकाडी चाळीस वेळा येते. खिडकीशी किती वेळ बसलात, तो वेळही लिहावा लागतो.

हिमरान (जानेवारीतील नोंद)

गणना पार पडली. प्रश्नकर्ता_नवा आमच्या तुकडीत होते आणि वेळेच्या नोंदी त्यांनी ठेवल्या. सकाळी उणे एकोणीस होते, वारा नव्हता. पहाटेच्या घुबडांच्या आठ थांब्यांपैकी एका ठिकाणी दूरवर बार्ड घुबड ऐकू आले, उरलेल्या सात ठिकाणी काही नाही. स्प्रूसच्या दलदलीत कॅनडा जेची एक जोडी मिळाली आणि चारही पायांतल्या कड्यांचे रंग नीट लिहिता आले. यंदा आमच्या वाटेवरच्या स्प्रूसना शंकू जवळजवळ नव्हते आणि क्रॉसबिल एकही नव्हता. रफ्ड ग्राउस हा रानकोंबडीसारखा पक्षी बर्फाच्या आत शिरून बसला होता. आमच्या पुढ्यात दोन हातांवर बर्फ फुटले आणि तो उडाला, तेव्हा तिघेही दचकलो. दुपारी बारा ते दीड गोठलेल्या तळ्याकाठची तीच वाट केली. अडीच किलोमीटर, पायी, पक्षी शून्य.

किंगलेट तीन, तिन्ही प्रश्नकर्ता_नवा यांनी ऐकलेले. मला त्यांतले दोनच ऐकू आले. मी पंचेचाळीस वर्षांची आहे, आणि ही गोष्ट मी वहीत लिहून ठेवली आहे.

निफाडकर

अभिनंदन. आमची गणना गेल्या रविवारी झाली. कालव्याच्या वरच्या बाजूचा एक टप्पा आम्ही दरवर्षी 'तिथे काही नसते' म्हणून सोडून देत होतो. यंदा मी आणि माझा पुतण्या सकाळी ७:१० ला तिथे उतरलो आणि ८:२५ पर्यंत चाललो. एक खंड्या होता. तक्ता पाठवला आहे.